अंगठ्याचं नख

शहर जगप्रसिद्ध होतं आणि त्याचा माज वेशीपासूनच सुरू होत होता. मोठ्या गाड्यांना आत बंदी, म्हणून बसच्या ड्रायव्हरने सगळ्यांना एका भकास मोकळ्या जागेत उतरवलं, सामान धडाधड खाली टाकलं आणि "परवा दुपारी इथेच. जो उशिरा येईल तो राहील," एवढा आशीर्वाद देऊन दार लावून घेतलं. पुढचा सगळा रस्ता दगडी. फोटोत हे दगड फार गोड दिसतात. बॅगेच्या चाकाखाली आले की कळतं, ते बसवणाऱ्याचं चाकांशी काहीतरी वैर असणार.

"मी म्हटलं होतं," उस्ताद म्हणाले.

काय म्हटलं होतं ते वहिनींनी विचारलं नाही. घरून निघाल्यापासून उस्तादांनी इतकं काही म्हणून ठेवलं होतं, की कुठेही काहीही वाईट झालं तरी ते त्यांनी आधीच म्हटलेलं निघायचं.

उस्ताद घरं रंगवायचे. हाताखाली चार-सहा माणसं होती, ती त्यांना उस्ताद म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी. होता होता सगळी गल्ली वहिनी म्हणायला लागली, आणि आता तर लेकीच्या सासूपर्यंत सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या होत्या. धंद्यात उस्तादांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, हे वहिनीही कबूल करायच्या. तक्रार धंद्याची नव्हतीच. तक्रार होती नखाची.

काम घ्यायच्या आधी भिंत पारखायची म्हणजे उस्ताद उजव्या अंगठ्याचं नख एखाद्या आडबाजूच्या जागी लावायचे. रंगाचा पापुद्रा किती सहज सुटतो, खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय की तशीच थापाथापी केलीय, आत ओल आहे का, सगळं त्यांना त्या नखातून कळायचं. त्यासाठी ते नख मुद्दाम राखलेलं. कामावर ठीक होतं. पण हा माणूस दुसऱ्याच्या घरी नुसता चहाला गेला तरी बसल्या बसल्या सोफ्यामागची भिंत खरवडायचा. कोणी गेलं म्हणून समाचाराला गेले, तिथे रडारड चाललेली आणि ह्यांचा अंगठा दाराच्या चौकटीवर. लेकीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाच्या घरची भिंत खरवडून "लांबी न भरताच रंग मारलाय, लोक दिखाऊ दिसतात," असं इतक्या मोठ्याने कुजबुजले, की मुलाच्या आईने आतून ऐकलं. लग्न झालं ते केवळ पोरीच्या नशिबाने. आणि आता त्याच जावयाने सासू-सासऱ्यांना ह्या सहलीची तिकिटं काढून दिली होती.

सहल वहिनींसाठी होती. ह्या शहरात एक राजवाडा आहे, त्या राजवाड्यात निळं दालन आहे, आणि ते दालन वहिनींनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी एका बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर बघितलं होतं. झाकणावरचं चित्र ते केवढं, पण त्यातलं ते निळं छत बघून त्यांना वाटलं होतं, ह्याच्याखाली एकदा उभं राहायचं. बस. दागिना मागितला नाही, फ्लॅट मागितला नाही. लेकीला हे माहीत होतं. राजवाड्याची तिकिटं म्हणे महिनोन् महिने आधी संपतात. जावयाने कसंबसं परवा सकाळचं मिळवलं होतं, बस सुटायच्या आधीचं. ते हुकलं की संपलं. पुन्हा कोण आणतंय आणि गुडघे तरी पुन्हा कोण देतंय.

म्हणून निघायच्या आधी वहिनींनी उस्तादांकडून वचन घेतलं होतं. "तुम्ही शहराला काय शिव्या घालायच्या त्या घाला. मला घाला. पण राजवाड्यात हात खिशात."

"मी काय लहान मूल आहे?"

"हात खिशात. लेकीची शपथ घ्या."

घेतली, आणि वर आठवडाभर तोंड फुगवून बसले.

तर त्या दगडी रस्त्यावरून बॅगा आदळत दोघं निघाले. डोक्यावर बसवाल्यांनी फुकट दिलेल्या पिवळ्या टोप्या, लांबून ओळखू याव्यात म्हणून. पहिल्याच वळणावर भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: पाहुण्यांनो, परत जा. वहिनींचा पाय थबकला. अपमान त्यांना असा चटकन लागायचा. आपण कोणाच्या घरात न विचारता घुसलोय की काय, असं वाटलं आणि पाठोपाठ रागही आला. बोलावता कशाला मग? जाहिराती कशाला करता?

उस्ताद मात्र भिंतीजवळ जाऊन डोळे बारीक करून बघत होते. "ओघळ बघ किती आलेत. ब्रश धरता येत नाही आणि म्हणे परत जा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांची ही खोड वहिनींना बरी वाटली. पण हे बरं वाटणं फार टिकलं नाही.

खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की बॅग आणि माणूस यांनी आपसात ठरवावं कोणी आधी जायचं. दार उघडणारी घरमालकीण किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून उभी होती, जणू आलेल्यांना खोली नाही, कोठडी द्यायची आहे. नमस्कार नाही, पाणी नाही. "बूट बाहेर. गरम पाणी सकाळीच. खिडकी उघडायची नाही, कबुतरं येतात. कपडे धुवायचे नाहीत. मोठ्याने बोलायचं नाही, शेजारी तक्रार करतात."

"श्वास घेतला तर चालेल का?" उस्तादांनी विचारलं.

"हळू," मालकीण म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

फोटोत खोली ऐसपैस होती. इथे पलंगावरून उतरलं की माणूस थेट कपाटात. वहिनी बॅग उघडेपर्यंत मागून तो ओळखीचा आवाज आला. खर्र. पलंगाच्या उशाशी उस्तादांचा अंगठा.

"ओल आहे," ते समाधानाने म्हणाले. "वरून चोपडलंय नुसतं."

दारातून मालकीण बघत होती. आत आली, खाली पडलेला रंगाचा कपचा उचलून तळहातावर घेतला आणि वहिनींसमोर धरला. उस्तादांसमोर नाही, वहिनींसमोर, जसं शाळेतून पोराबद्दल तक्रार घेऊन आईकडे यावं. "मॅडम, आपल्या माणसाला आवरा. नाहीतर बॅगा जिन्यावरून खाली जातील, तुम्ही मागून या."

वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. मालकिणीचा राग आला, तिच्या त्या थंड आवाजाचा आला, आणि सगळ्यात जास्त 'आपल्या माणसाला' ह्या शब्दांचा आला. सगळा जन्म हेच चाललं होतं. खरवडायचं ह्यांनी आणि कपचा यायचा वहिनींच्या तोंडासमोर. सोयरेधायरे, शेजारी, व्याही, सगळ्यांकडे माफी मागायला ह्या.

दुसरा दिवस शहराने त्यांना पायाखाली तुडवण्यात घालवला. जिकडे जावं तिकडे गर्दी, आणि गर्दीतल्या प्रत्येकाच्या हातात काठीला लावलेला फोन, तो वहिनींच्या डोळ्यात जाता जाता राहिलेला. नदीकाठच्या हॉटेलात चहा मागितला तर वेटरने विचारलं, "बसून की उभ्याने?" बसून प्यायला भाव वेगळा, नदी दिसेल असं बसायला आणखी वेगळा. उस्ताद भिंतीकडे तोंड करून बसायला तयार होते, उलट त्यांना तेच आवडलं असतं. वहिनींनी उभ्या उभ्या चहा प्यायला. बेचव, कोमट, आणि कप संपायच्या आत वेटरने तो हातातून काढून घेतला. स्वच्छतागृहाच्या दारात एक बाई कात्रीसारखे पाय आडवे टाकून बसलेली, सुटे पैसे नसतील तर तुमचं तुम्ही बघा. वहिनींनी तिचं सगळं ऐकून घेतलं, कारण तिथे स्वाभिमान दाखवण्याइतका वेळ त्यांच्याजवळ नव्हता.

एका बोळात त्या जरा भिंतीला टेकल्या. गुडघे ठणकत होते. तेवढ्यात भाजीच्या पिशव्या घेतलेली, त्यांच्याच वयाची एक बाई समोरून आली आणि खांद्याने त्यांना बाजूला सारून म्हणाली, "वाटेत उभ्या राहू नका. इथे माणसं राहतात."

"आम्हीपण माणसंच आहोत," वहिनी म्हणाल्या.

"माणसं नाही, रोज येणारा लोंढा," बाई मागे न बघता म्हणाली आणि एका दारात शिरून तिने ते आपटलं.

वहिनींना वाटलं, त्या दारावर जाऊन थाप मारावी आणि सांगावं, बाई, मीपण अशाच पिशव्या उचलते, माझे पण गुडघे असेच आहेत, मी तुझं काय घोडं मारलंय? पण सांगून काय होणार होतं. त्या बाईच्या दारासमोरून त्यांच्यासारख्या रोज हजार वहिन्या जात असतील. तिचंही खरं होतं, आणि म्हणूनच तिचा जास्त राग येत होता.

"मी म्हटलं होतं," उस्ताद म्हणाले. "घरी बसलो असतो तर आत्ता आरामात पडलो असतो."

"तुम्ही गप्प बसा."

"शहर तुला लाथा घालतंय आणि गप्प मी बसू?"

"हो. तुम्ही बसा."

वहिनी मनात एवढंच धरून होत्या: उद्या. चहा, जिना, मालकीण, ती पिशव्यावाली, सगळं त्या एका सकाळसाठी. उद्या एकदा छताखाली उभं राहिलं, मान वर केली, की ह्या शहराला सगळं माफ.

राजवाड्यासमोर रांग होती ती उन्हात. तिकीट ठरल्या वेळेचं असलं तरी त्या ठरल्या वेळेचीही रांग. दारावर बॅगा तपासल्या, वहिनींची पाण्याची बाटली काढून घेतली, तिकिटांवर यंत्र फिरवलं, आणि एका कंटाळलेल्या माणसाने नियमांची माळ ओढली: थांबू नका, बसू नका, खाऊ नका, कशालाही हात लावू नका. वहिनींनी उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी दोन्ही हात विजारीच्या खिशात घातले, कोपरापर्यंत घालता आले असते तर तेवढे घातले असते.

आत एकामागून एक दालनं. मखमली दोऱ्या लावलेल्या, दोऱ्यांपलीकडे खुर्च्या, पलंग, आरसे. उस्ताद सगळ्या भिंतींकडे बघत चालले होते आणि बडबडत होते, पण हात खिशात होते. वहिनींना बरं वाटलं. त्यांना वाटलं, माणूस म्हातारपणी तरी सुधारतो.

निळ्या दालनाच्या आधी एक लांबट बोळ लागतो. आत गेलेला गट बाहेर पडल्याशिवाय पुढच्याला सोडत नाहीत, म्हणून सगळे तिथे खोळंबतात. बोळात बघण्यासारखं काही नाही. चित्र नाही, नक्षी नाही, साधा विटकरी रंग, आणि म्हणूनच बहुतेक दोरीही नव्हती. उस्ताद नेमके भिंतीच्या बाजूला उभे राहिले. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, खांद्याच्या उंचीवर, रंगाला एक पोपडा आलेला होता. फुगलेला, कडेने किंचित सुटलेला.

रंगाऱ्याला सुटलेला पोपडा दाखवणं म्हणजे काय, हे रंगाऱ्याच्या बायकोलाच कळेल.

"हात," वहिनी म्हणाल्या.

"खिशातच आहेत."

रांग हलत नव्हती. उस्ताद ह्या पायावरून त्या पायावर होत होते. एकदा त्यांनी वाकून पोपड्याच्या कडेला हळूच फुंकर मारली. एकदा बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक केलं आणि "पोकळ," म्हणाले.

"हात!" वहिनी दातओठ खाऊन म्हणाल्या. शेजारची पहारेकरीण, उंच, तरणी, गणवेशातली, वळून बघायला लागली. हात पुन्हा खिशात गेले.

तेवढ्यात समोरचं दार अर्धवट उघडलं. फटीतून तो निळा दिसला. नुसती पट्टी. झाकणावर होता त्याहून खोल, त्याहून कितीतरी वर. त्या पुढच्याच्या खांद्यावरून टाचा उंचावून बघायला लागल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना उस्तादांचा पूर्ण विसर पडला.

खर्र.

मागोमाग एक हलका, कोरडा आवाज. तळहाताएवढा पोपडा फरशीवर पडून त्याचे तुकडे झाले होते. उस्ताद अंगठा वर धरून उभे होते, आणि बोळातली सगळी माणसं वळून बघत होती.

पहारेकरीण दोन ढांगांत आली. तिच्या मागून कुठल्याशा दारातून चष्मा लावलेली एक अधिकारी बाई धावत आली, फरशीवर गुडघे टेकून बसली, आणि तुकड्यांना हात न लावता त्यांच्याकडे बघत राहिली.

"सगळ्या वाड्यात हा एकच बोळ मूळ रंगाचा होता," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे नंतर हात फिरलाय. इथे कोणीही कधीही हात लावला नव्हता."

"शक्यच नाही," उस्ताद म्हणाले.

वहिनींनी डोळे मिटले. माफी मागण्याची वेळ होती आणि हा माणूस बाजू मांडत होता.

"अहो बाई, मी ह्या धंद्यात केस पांढरे केलेत. ही डागडुजी आहे, अलीकडची. खाली जुना थर सापडणार. हे बघा ना," असं म्हणत ते उघड्या पडलेल्या जागेवर वाकले. अधिकारी बाईने त्यांना अडवलं नाही. उस्तादांनी नाक जवळजवळ भिंतीला लावलं. कडेकडेने बघितलं. खाली दुसरा थर नव्हता. लांबी नव्हती, जुना रंग नव्हता. विटकरी रंगाचा एकच पातळ पापुद्रा आणि त्याच्या मागे थेट दगड.

ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा वहिनींनी कधी न बघितलेला होता. चूक कळलेल्या माणसाचा चेहरा. इतक्या वर्षांच्या संसारात तो दिसला नव्हता, आणि दिसला तो इथे, ह्या दारात.

"बाहेर," पहारेकरीण म्हणाली. "आधी ऑफिसात, मग बाहेर. चला, दोघंही."

"दोघं कोण?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही ह्यांच्याबरोबर आहात ना?"

दार आता सताड उघडलं होतं. आधीचा गट बाहेर पडला होता आणि लोक आत सरकायला लागले होते. वहिनींना एका बाजूला ते दार दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला विटकरी भुकटीने माखलेला तो अंगठा. त्यांना लेकीच्या सासरच्या भिंती आठवल्या, समाचाराचं ते घर आठवलं, मालकिणीचा तो पुढे केलेला तळहात आठवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी ह्यांना ओळखत नाही."

भीती वाटली नाही. लाजही वाटली नाही. डोक्यावरून पाण्याची कळशी उतरवावी तसं हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं ह्याचं नंतर किती वाईट वाटणार आहे तेही त्याच क्षणी कळलं.

पहारेकरणीने एकदा वहिनींच्या डोक्यावरच्या पिवळ्या टोपीकडे बघितलं, एकदा उस्तादांच्या. "आणि टोप्या?"

वहिनींचा हात टोपीकडे गेला.

"बसमध्ये सगळ्यांना वाटल्यात," उस्ताद म्हणाले. ते वहिनींकडे बघत नव्हते. "पन्नास जण फिरतायत अशा टोप्या घालून."

"मघापासून ह्या तुम्हाला 'हात, हात' म्हणत होत्या."

"शहाणी बाई दिसते. कोणीही म्हटलं असतं." मग त्यांनी घसा खाकरला. "ही बाई माझी कोणी नाही. तिला जाऊ द्या, आत जायची वेळ झालीय तिची."

पहारेकरणीने त्यांच्या दंडाला धरलं. वहिनी लोकांच्या रेट्याबरोबर दारातून आत गेल्या.

आणि त्या छताखाली उभ्या राहिल्या.

निळा म्हणजे किती निळा! माणसं, फोन, काठ्या, कोणाच्या तरी पोराचं रडणं, सगळं खाली राहिलं आणि त्या वर गेल्या. मधोमध सोनेरी नक्षत्रं काढलेली, कडेला पांढऱ्या ढगांची झालर. वहिनींचे डोळे भरून आले. हेच. अगदी हेच.

मग नजर घसरत घसरत कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात पिवळट कड असलेला एक डाग होता. ओल. वरच्या गच्चीतून झिरपत असणार, दोन पावसाळ्यांपूर्वीची तरी. वहिनींनी नजर काढून घेतली. ती जाऊन पडली एका भेगेवर, केसाएवढ्या, दारापासून निघून पार ढगांत गेलेल्या. भेगेच्या ह्या बाजूचा निळा आणि त्या बाजूचा निळा वेगळा होता. कोणीतरी मध्येच रंगाचा डबा बदलला होता. नक्षत्रांच्या भोवती ब्रश दोनदा फिरल्याच्या खुणा. ढगाखाली थापलेली लांबी, नीट न घासलेली.

कोणी सांगत नव्हतं. शेजारी उस्ताद नव्हते. सगळं त्या स्वतः बघत होत्या. त्यांनी डोळे मिटून पुन्हा उघडले, पहिल्या क्षणाचं छत परत मिळतंय का बघायला. पहिल्यांदा दिसला तो डागच.

वहिनी तिथेच रडल्या, रागाने. त्याला बोळात सोडून आले, त्याची ओळखही नाकारली, तरी हा माणूस डोळ्यांत बसून आत आलाच! इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून ओरडून ह्याने माझी नजरच रंगवून टाकली. माझं म्हणून एक छत मागितलं होतं, तेही मला माझ्या डोळ्यांनी बघता येऊ नये? शेजारच्या एका बाईला वाटलं, काय हा भाविकपणा. तिने वहिनींचा फोटो काढला.

"पुढे चला, पुढे चला," कोणीतरी ओरडलं, आणि लोंढ्याने त्यांना दुसऱ्या दाराने बाहेर काढून थेट दुकानात नेऊन सोडलं. तिथे कपांवर, रुमालांवर, किल्ल्यांच्या साखळ्यांवर तेच छत होतं, कुठेही ओल नसलेलं.

बाहेरच्या पायऱ्यांवर उस्ताद बसले होते. एक रखवालदार त्यांना "इथे बसायचं नाही" म्हणून उठवत होता आणि त्याची पाठ वळली की ते पुन्हा बसत होते. टोपी डोक्यावर नव्हती. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"या, बाई," उस्ताद म्हणाले. "आपली ओळख आहे का?"

वहिनींनी टोपी काढून पिशवीत कोंबली.

"जन्मात परत पाऊल ठेवायचं नाही म्हणाले मला. फोटोबिटो काढून घेतला. जसं काही मी राहायलाच येणार होतो." ते हसले, पण हसणं मध्येच विरलं. "खरंच मूळ रंग होता गं तो. मला कळला नाही."

"चला. बॅगा घ्यायच्यात, बस जाईल."

ते उठले. दगडी रस्त्यावरून दोघं चालायला लागले, एकमेकांपासून जरा अंतर ठेवून, दोन अनोळखी माणसं चालतील तसे. एका वळणावर उस्तादांनी विचारलं, रस्त्याकडे बघत, "वरचा निळा कसा आहे? एकसारखा आहे?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. ह्या माणसालाही ते छत बघायचं होतं. कधी बोलला नव्हता, पण त्या डब्याच्या झाकणापासून बघायचं असणार. रंगाऱ्याला नाही तर कोणाला? ओल वहिनींच्या जिभेच्या टोकावर होती. ओल, भेग, बदललेला डबा. एवढं सांगितलं की उस्तादांच्या जिवात जीव आला असता. त्यांनी तिथेच थांबून हातवारे करत सगळी कारणं सांगितली असती, गच्चीच्या उतारापासून ते कारागिराच्या बापापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता, आणि बसपर्यंत पोचता पोचता सगळं पहिल्यासारखं झालं असतं. वहिनींना हे लख्ख कळत होतं.

"एकसारखा," त्या म्हणाल्या. "कुठे ओल नाही, भेग नाही. काल मारल्यासारखा."

उस्ताद थांबले. "एवढ्या जुन्या छताला? शक्यच नाही."

"मघाशीही हेच म्हणालात."

उस्तादांनी वहिनींच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. वहिनींनी ती दुसऱ्या हातात घेतली. बस सुटली तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते, कारण तिकिटं तशी होती. बसच्या पत्र्यावर पोपडे आले होते, त्यांच्याकडेही उस्तादांनी बघितलं नाही. वहिनी खिडकीतून शहर मागे जाताना बघत होत्या, आणि डोळ्यांसमोर कोपऱ्यातला तो पिवळट डाग होता, जो आता जन्मभर त्यांना एकटीनेच बघायचा होता.